नापास होण्याची मुभा

शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'निकाल १००%' ही अक्षरे एवढ्या मोठ्या आकारात रंगवलेली होती की पलीकडच्या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्यालाही ती वाचावीच लागत. डोळे मिटून सायकल चालवता येत नाही म्हणून. त्याखाली जरा लहान अक्षरांत 'सलग अकरावे वर्ष' असे होते. दर जूनमध्ये त्यातला फक्त आकडा खरवडून नवा लिहिला जाई. त्यामुळे तेवढ्याच जागचा चुना उरलेल्या भिंतीहून पांढरा पडला होता, जखम भरून आल्यावर कातडी दिसते तसा.

भिंतीमागे आठवी, नववी, दहावी असे तीनच वर्ग. शाळा सरकारी. मुख्याध्यापिका अंगाने लहानखुऱ्या होत्या, तरी सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या हिरव्या शाईने लिहीत, हळू बोलत, आणि सकाळी सातला जादा तासासाठी वर्गात हजर असत. अकरा वर्षांचे ते शंभर त्यांनी मुलामुलाला पुढ्यात बसवून, दिवस दिवस झिजून उभे केले होते. त्यावर कोणी बोट ठेवावे अशी जागा त्यांनी ठेवली नव्हती. निदान त्यांना तसे वाटत होते.

जुलैच्या पाच तारखेला, सोमवारी, जिल्हा कार्यालयाचे पत्र आले. पंधरा तारखेपर्यंत आठवीत किमान वीस नावे नोंदली न गेल्यास वर्गाला मान्यता मिळणार नाही, एवढेच त्यात होते. नावे चौदा होती. गणिताच्या सरांनी शिक्षकखोलीतल्या फळ्यावर त्याचा अर्थ मांडून दाखवला. यंदा आठवी नाही, म्हणजे पुढच्या वर्षी नववी नाही, म्हणजे त्यापुढे दहावी नाही. शाळा खालून गळत जाईल आणि तिसऱ्या वर्षी कोरडी पडेल. मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या तेही तिसऱ्याच वर्षी. शेवटचे कुलूप त्यांच्याच हाताने लागणार हे उत्तर आल्यावर सरांनी ते घाईघाईने बाहीने पुसले. मुले या सरांना पाठीमागे 'हातचे सर' म्हणत, कारण बेरीज असो वा आयुष्य, हातचा विसरू नका हे ते दिवसातून चारदा बजावत.

बाईंचे निदान पक्के होते: लोकांना माहीत नाही. माहीत असते, तर हमरस्त्यावरच्या खाजगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये आपले मूल कोणी कशाला चढवले असते? त्या शाळेचा निकाल अठ्ठ्याऐंशी होता. तेव्हा उपाय एकच, मोठ्याने सांगणे. मंगळवारी चौकात कापडी फलक लागला. संध्याकाळी पत्रके वाटली गेली. बुधवारी भाड्याचा टेम्पो आणून त्यावर भोंगा बांधला. टेम्पोसोबत आलेला निवेदक 'शंभर टक्के' असे काही म्हणे की ऐकणाऱ्याला गादीवर सूट असल्यासारखे वाटे. म्हणून हातचे सर स्वतः टेम्पोत चढले. पाढे म्हणून तापलेल्या त्या आवाजात शंभराचा उच्चार इतका करडा झाला की रस्त्यावरचे दोन दुकानदार नकळत उठून ताठ उभे राहिले.

मग घरोघरी जाणे सुरू झाले. लोक खुर्ची पुसून देत. शिंप्याने सांगितले की ही शाळा म्हणजे या भागाची शान आहे. निवृत्त पोस्टमन म्हणाले, परगावचा जावई आला की त्याला ते आवर्जून शाळेवरून फिरवून आणतात. पण त्यांच्या स्वतःच्या नातवाचे नाव काढताच पोस्टमनची नजर चपलांवर उतरली. तो आमचा जरा साधा आहे, असे पुटपुटून त्यांनी चहा आणायला सांगितले. प्रत्येक दारात हेच घडत गेले. आधी कौतुक, मग चपला, मग चहा. दिवसभर केवळ स्तुती ऐकून येणारा जो एक विचित्र थकवा असतो, तो अंगावर घेऊन बाई संध्याकाळी शाळेत परतल्या. आठवीच्या वर्गाच्या खिडकीतून उतरणारे ऊन रिकाम्या बाकांवर असे पडले होते, जणू तेवढेच हजेरी लावून गेले.

त्या दिवशी नावे तेरा झाली होती. गुरुवारी बारा झाली.

आकडा बारावर आला तेव्हा समोर शाळेचे लिपिक होते, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. इस्त्रीवाल्या काकू मुलाचा प्रवेश अर्ज परत मागायला आल्या होत्या. खाजगी शाळेने काही देऊ केले आहे का, असे भाऊसाहेबांनी सावधपणे विचारले. तसे काही नव्हते.

"तुमचा तो टेम्पो काल आमच्या दारात अर्धा तास उभा होता, भाऊसाहेब," काकू म्हणाल्या. "शंभर, शंभर, शंभर. पोरगा जेवेना. म्हणतो, आई, अकरा वर्षांत एकही नापास नाही, आणि पहिला मी होऊ?"

"मग त्याला घालणार कुठे?"

"जिथे दरवर्षी चारदोन पडतात तिथे. चारांत पाचवा, कोण विचारतंय? इथे पडला तर उद्या गल्लीतून इस्त्रीचे कपडे गोळा करताना मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शंभर कोणी मोडले, तर हिच्या पोराने." मग खोलीत दुसरे कोणी नसतानाही त्यांनी आवाज खाली आणला. "शिवाय त्या कंडक्टर मुलीचं काय झालं होतं ते गल्लीला ठाऊक आहे."

भाऊसाहेबांनी अर्ज परत दिला आणि बराच वेळ टाचणीशी खेळत बसले. त्यांच्या आणि बाईंच्या खोलीमधला दरवाजा नऊ वर्षांपूर्वी फुगला होता, तेव्हापासून तो बंद होत नसे. बाईंनी पान उलटले तरी इकडे ऐकू येई. पण काही गोष्टी उघड्या दारातून बोलता येत नाहीत, त्यांना कागद लागतो. भाऊसाहेबांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत अवघड असे जे जे होते ते फाइलमधूनच गेले होते. एका शिक्षकाच्या डोक्यावरच्या केसांच्या टोपाचा विषयसुद्धा. शुक्रवारी सकाळी त्यांनी टिपणी लिहिली:

'विषय: आठवीची पटसंख्या घटल्याबाबत. सविनय सादर करण्यात येते की, परिसरातील पालकांस आपल्या निकालाची पूर्ण माहिती आहे. ती आहे म्हणूनच ते पाल्यांस येथे पाठविण्याचे टाळीत आहेत. शंभरास तडा आपल्या घरातून जाईल, अशी भीती घरोघर आढळते. टेम्पो फिरल्यानंतर तीत वाढ झाली आहे. तसेच एका कंडक्टरचा उल्लेख झाला. आदेशार्थ सादर.'

सात पावले चालून त्यांनी फाइल बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सात पावले चालून परत आले. पलीकडे पान उलटल्याचा आवाज झाला. नंतर तो पुन्हा झाला, म्हणजे बाईंनी मागे उलटून तेच पान परत वाचले होते. अर्ध्या तासाने फाइल परतली. समासात हिरव्या शाईने दोनच शब्द होते: 'चर्चा करावी.' भाऊसाहेब उठले. जाताना त्यांनी सहा वर्षांपूर्वीचे जनरल रजिस्टर बरोबर घेतले.

कोण कंडक्टर, असे बाईंना विचारावे लागले नाही. रजिस्टरमध्ये त्या मुलीच्या नावावरून लाल रेघ गेली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात हिरव्या शाईत लिहिले होते: 'स्वेच्छेने शाळा सोडली. परीक्षेस बाहेरून बसणार.' अक्षर बाईंचे होते. तो जानेवारी त्यांना आठवला, ती दोन वेण्यांची मुलगी आठवली, जिचे गणित काही केल्या उभे राहत नव्हते. बाईंनी तिला याच खोलीत बसवून चहा दिला होता आणि फार मायेने समजावले होते की यंदा घाई नको. पुढच्या वर्षी बाहेरून बस, सावकाश अभ्यास कर. मुलीने मान हलवली होती. ती मान कितपत स्वेच्छेने हलली, हा प्रश्न रकान्यात मावणारा नव्हता. बाई बाकीच्या वर्षांची रजिस्टरेही मागवून पाने उलटत गेल्या. अकरा वर्षांत अशा लाल रेघा तीन निघाल्या. आजवर त्या स्मरणात तीन उपकार म्हणून राहिल्या होत्या.

रविवारी दुपारी त्या एकट्याच निघाल्या.

कंडक्टरचे घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होते, बाहेरून लोखंडी जिना. वर दोरीवर गणवेशाचे दोन खाकी सदरे वाळत होते, बाह्या पसरून, कुणाला तरी थांबवत असल्यासारखे. दार उघडणारी मुलगी आता बावीस-तेवीस वर्षांची होती आणि तिने बाईंना तत्काळ ओळखले. आत नेऊन तिने पंखा लावला. तो सुरू व्हायला झाडूच्या दांड्याने ढकलावा लागे, तसा ढकलला. टेबलाशी तिची धाकटी बहीण बसली होती. सातवी होऊनही तिचे नाव अद्याप कुठल्याच शाळेत नव्हते. बाईंना पाहताच तिने वही मांडीखाली घेतली.

बाईंनी वाटेत तीन वाक्यांची दिलगिरी जुळवली होती. पहिले वाक्य अर्ध्यावर असतानाच थोरलीने हात वर केला, बस थांबवतात तसा.

"बाई, मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही चहा दिला होतात. बिस्किटंसुद्धा. मला तोवर कोणी इतक्या मानाने बाहेर काढलं नव्हतं."

बाईंना हसावे की कसे ते कळेना. थोरली मात्र हसत होती, आणि हसत हसतच तिने पुढचे सांगितले. बाहेरून बसायचे म्हणजे परक्या शाळेत बसायचे. तिथे बाक बुटके होते, आणि पर्यवेक्षकाने तुझी शाळा कोणती विचारले तेव्हा ती गप्प राहिली होती. पहिल्या वेळी गणितात चार गुणांनी गेली, दुसऱ्या वेळी सुटली. आता चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून, ती कुणाचेही उरलेले पैसे डोक्यातल्या डोक्यात काढते, आणि हातचे सर बसमध्ये असले की मुद्दाम त्यांच्यासमोर काढते.

"नापास झाल्याचं काही वाटलं नाही मला," ती म्हणाली. या वाक्यापाशी तिचे हसू जरा बाजूला सरले. "नापास होऊन घरी चालत आले आणि ओरडायलाही कोणी नव्हतं. तुम्ही नाही, सर नाहीत. आईला तर त्यातलं कळतच नव्हतं. त्याचं वाटलं."

पंखा कुरकुरत होता. बाईंनी चहाच्या पेल्यावरची साय बोटाने बाजूला केली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून बोट तसेच धरून बसल्या. मग त्यांनी धाकटीबद्दल विचारले. थोरलीने काही लपवले नाही. धाकटी तिच्याहून कच्ची होती. "मी निदान हातचा विसरायचे. हिला हातचा असतो हेच मान्य नाही." धाकटीने यावर तिच्याकडे रागाने पाहिले. पण इतर विषयांत ती बरी होती, आणि शाळेत यायची तिची इच्छाही होती. थोरली पाठवायला तयार होती. अट एकच: बाईंनी लिहून द्यावे. मुलगी पास होईल असे नव्हे; नापास झालीच तर आत राहून नापास होईल, एवढे.

बाईंनी विचारले, शब्द दिला तर चालणार नाही का.

"तोंडी तुम्ही फार गोड बोलता, बाई," थोरली म्हणाली. "मला अनुभव आहे."

सोमवारी सकाळी शाळेच्या कार्यालयात त्या पत्राचा मसुदा सुरू झाला आणि तो दुपारपर्यंत चालला. भाऊसाहेबांचा पहिला खर्डा असा होता: 'सदर विद्यार्थिनी अनुत्तीर्ण झाल्यास शाळेची हरकत राहणार नाही.' हातच्या सरांनी यावर आक्षेप घेतला. वाचणाऱ्याला वाटेल की आपण वाटच पाहत आहोत. सरांच्या खर्ड्यात टक्केवारी आली, कंस आले आणि एक कोष्टकही आले. शेवटी बाईंनी हिरव्या शाईचे पेन उचलले:

'हमीपत्र. याद्वारे लिहून देण्यात येते की, सदर विद्यार्थिनीच्या गुणांविषयी शाळेस कितीही शंका असली, तरी दहावीच्या परीक्षेस तिचे नाव याच शाळेतून पाठविले जाईल. ती अनुत्तीर्ण झाल्यास ते अपयश शाळेच्या निकालात धरले जाईल. शाळा तिला ओरडेल, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता तिची तयारी पुन्हा करून घेईल.'

'ओरडेल' या शब्दाला भाऊसाहेबांनी अदबीने हरकत घेतली. शासकीय पत्रव्यवहारात या शब्दाचा पूर्वदाखला नव्हता. 'समज देण्यात येईल' असे त्यांनी सुचवले. बाई म्हणाल्या की मुलीला समज आहे, ओरडणेच हवे आहे. शब्द राहिला. पत्राला जावक क्रमांक पडला, सही झाली, आणि भाऊसाहेबांनी शिक्का असा दाबून मारला की खालच्या कोऱ्या कागदावरही तो उमटला.

पत्र घ्यायला थोरली कामावर जाताना आली, गणवेशात. तिने ते घडी करून तिकिटांच्या पेटीत ठेवले, आणि दुपारच्या फेरीत, सगळी तिकिटे देऊन झाल्यावर, बसच्या मधल्या दांड्याला टेकून मोठ्याने वाचले. 'शाळा तिला ओरडेल' या ठिकाणी चाळीस माणसांची बस एकदम हसली. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावले आणि त्यासाठी स्वतःचा थांबा जाऊ दिला. संध्याकाळच्या तिसऱ्या फेरीपर्यंत चालकाला ते पाठ झाले होते. जिथे टेम्पो दोन दिवस ओरडत फिरला होता, त्याच रस्त्यांवरून ते पत्र एका मुलीच्या सपाट आवाजात, थांब्याथांब्याला थांबत गेले.

मंगळवारी सकाळी फाटकाशी सात जण उभे होते. प्रत्येकाला 'ते बसमधलं पत्र' हवे होते. इस्त्रीवाल्या काकू मुलाच्या दंडाला धरून पुढे होत्या. निवृत्त पोस्टमन आपल्या साध्या नातवाला घेऊन आले, पत्र उलटसुलट करून पाहिले आणि शिक्का चांगला उमटला आहे असा अभिप्राय दिला. एका आईला एक पोटकलम वाढवून हवे होते: ओरडायचे ते हातच्या सरांनीच, कारण तिची मुलगी इतर कुणालाच जुमानत नव्हती. एक गवंडी मुलाला घेऊन आला, ज्याला सातवीत ब्याऐंशी टक्के होते. तो खाजगी शाळेत चालला होता. याला पत्राची गरज नाही, असे भाऊसाहेबांनी समजावले. गवंडी हटला नाही. इतरांना देता आणि माझ्या पोराला नाही, हा कुठला न्याय, असे तो म्हणू लागला, तेव्हा हुशार मुलालाही नापास होण्याची हमी द्यावी लागली. बुधवारी झेरॉक्सवाल्याने दुकानाबाहेर पाटी लावली की शाळेची पत्रे इथे निघतात. संध्याकाळी भाऊसाहेबांनी यादी दोनदा तपासली. नावे सव्वीस होती.

पंधरा तारखेला जिल्हा कार्यालयाचे साहेब पडताळणीला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डोकी मोजली, चार मुलांना नावे विचारली, एकाला सातचा पाढा विचारला आणि तो अर्ध्यावर अडकल्यावर स्वतःच पुरा केला. मग कार्यालयात बसून ते अर्ज चाळू लागले. प्रत्येक अर्जाला हमीपत्राची प्रत जोडलेली होती. साहेबांनी एक वाचले, चष्मा काढला, पुसला, आणि दुसरे वाचले.

त्यांच्या कार्यालयात जिल्ह्यातल्या शाळांचा रंगीत तक्ता होता. त्यात शंभर टक्क्यांची दोनच घरे हिरवी होती, आणि पाहुणे आले की साहेब त्या दोन घरांवर बोट ठेवत. या पत्रांचा अर्थ त्यांना पहिल्या वाचनातच कळला होता.

"बाई, पट भरला. मान्यता मी आत्ताच देतो," ते म्हणाले. "आता ही पत्रं हळूच परत घ्या. लिपिकाच्या नजरचुकीने दिली गेली, असं लिहून टाका. त्याने भाऊसाहेबांना काही होत नाही."

पलीकडच्या खोलीत कागदांची सळसळ थांबली.

बाईंच्या टेबलाच्या खणात यंदाच्या दहावीची एक चिठ्ठी होती. तिच्यावर दोन नावे होती, ज्यांना जानेवारीत बोलावून चहा द्यायचा होता. ती चिठ्ठी त्या दर जूनमध्ये करत. तीनदा तिचा उपयोग झाला होता, बाकीच्या वेळी मुले वेळेत सावरली होती. शाळा वाचली होती. आता केवळ गप्प राहायचे होते आणि शंभरही वाचणार होते. दोन शून्ये आणि एक काठी: अकरा वर्षे त्या याच आकड्याला टेकून उभ्या होत्या, आणि तो आकडा आपल्याला टेकून उभा आहे असे समजत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या शंभरात तीन मुलं नाहीत. एक मला रविवारी भेटली. उरलेल्या दोघांचे पत्ते भाऊसाहेब शोधत आहेत."

भाऊसाहेबांना असे कुणी सांगितले नव्हते. पण पलीकडे कपाट उघडल्याचा आणि रजिस्टर ओढल्याचा आवाज ताबडतोब आला.

साहेबांनी त्या उघड्या दाराकडे पाहिले, मग बाईंकडे. शंभर जाईल, याची त्यांनी आठवण दिली. बाई हो म्हणाल्या. कदाचित यंदाच जाईल, असेही त्यांनी आपण होऊन सांगितले, कारण दहावीतल्या दोघांचे गणित त्यांना ठीक वाटत नव्हते, आणि ती दोघे आतूनच बसणार होती. साहेबांनी मान्यतेच्या कागदावर सही केली, तो पुढे सरकवला, आणि जाताजाता किंचित दुखऱ्या स्वरात म्हणाले की मग तक्त्यातले ते घर काही हिरवे राहायचे नाही. कुठला रंग येईल, असे बाईंनी विचारले. नव्वदच्या वर असेल तर पिवळा, असे कळले. पिवळा त्यांना चालणार होता.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर बाईंनी खणातली चिठ्ठी काढून फाडली. नंतर त्यांच्या लक्षात आले की त्या दोन मुलांना सातच्या तासाला बोलवायचे तर नावे पुन्हा लिहावी लागतील. ती त्यांनी नव्या कागदावर लिहिली आणि हातच्या सरांच्या हाती दिली.

ते वर्ष नेहमीसारखेच गेले. फक्त आठवीचा वर्ग फार गोंगाट करी आणि त्यात कंडक्टरच्या धाकट्या बहिणीचा आवाज वेगळा ओळखू येई. तिने हातच्याविरुद्ध सरांशी रोज नवा वाद मांडला होता. फेब्रुवारीत भाऊसाहेबांना उरलेल्या दोघांपैकी एकाचा पत्ता सापडला. तो आता एका छापखान्यात यंत्र चालवत होता, आणि चहाला येतो म्हणाला.

जूनमध्ये निकाल लागला. दहावीची बावीस मुले बसली होती, एकवीस सुटली. चिठ्ठीवरच्या दोघांपैकी एक दोन गुणांनी तरला. दुसरी होती ती लांब उडीत जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, जिला सगळी शाळा उडी म्हणे. ती गणितात पाच गुणांनी गेली. सरांनी टक्केवारी काढली: पंचाण्णव पूर्णांक पंचेचाळीस. रस्त्यात कुणी थांबले नाही, कुणाचे दुकान बंद झाले नाही. त्याच आठवड्यात आठवीसाठी एकतीस अर्ज आले होते आणि भाऊसाहेब बाकांच्या मागणीची टिपणी लिहीत होते.

दुपारी, सुटलेली मुले पेढ्यांची खोकी वाटून निघून गेल्यावर, उडी दाराशी येऊन उभी राहिली. फेरपरीक्षेचा अर्ज कुठल्या कचेरीत मिळतो, एवढेच तिने विचारले. आवाज तिच्याकडून कोणी उसना मागून नेल्यासारखा होता.

बाई उठल्या आणि ओरडल्या. त्यांना ओरडण्याची सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात चुकली आणि आवाज मध्येच फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. जानेवारीतला न केलेला स्वाध्याय निघाला, सातच्या तासाला साडेसातला येणे निघाले, उत्तरपत्रिकेचे शेवटचे पान कोरे सोडणे निघाले. ते कोरे होते हे बाईंनी न पाहताच ओळखले होते. समोरच्या गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. हातचे सर खडू घेऊन धावत आले, काही अपघात झाला की काय ते पाहायला. भाऊसाहेब आपल्या जागेवर उभे राहिले आणि उभेच राहिले. उडीने मान खाली घातली होती, आणि हळूहळू तिच्या खांद्यांचा ताठरपणा उतरत गेला, जमिनीवर नीट पाय टेकल्यावर उतरतो तसा. अखेर बाईंना धाप लागली, तेव्हा तिनेच कोपऱ्यातल्या माठातून त्यांना पाणी आणून दिले.

मग तिघे प्रश्नपत्रिका घेऊन बसले. कुठे अडलीस, असे सरांनी विचारले. टाकीच्या उदाहरणात, ती म्हणाली; एक नळ टाकी भरतो, दुसरा गळतो, टाकी किती वेळात भरेल. सर म्हणाले, हे तर अगदी सोपे. त्यांनी बाह्या वर केल्या आणि फळ्यावर उत्तर मांडायला घेतले. चार ओळी झरझर झाल्या. पाचव्या ओळीशी खडू थांबला. सरांनी वरची ओळ पाहिली, त्यावरची पाहिली, डोके खाजवले, एक चिन्ह पुसून पुन्हा तेच लिहिले. बाई गंभीर चेहऱ्याने पाहत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत असा काही आनंद होता की तो त्यांनी पाण्याच्या भांड्याआड लपवला.

उडी बाकावरून पुढे वाकली.

"सर," ती म्हणाली, "मीपण इथेच थांबले होते."